मोहाची पंगत कुठे मोडली?

नाशिककडच्या एखाद्या वायनरीत गेलात, तर तिथला जाणकार तुमच्यापुढे ओळीने प्याले मांडतो आणि कशाबरोबर काय खावे हेही समजावून सांगतो. पांढऱ्या वाइनबरोबर मासळी, तांबडीबरोबर मटण, गोडसर असेल ती जेवणाच्या शेवटी. चार मित्र टेबलाभोवती बसतात, एकाने जपून ठेवलेली खास बाटली उघडली जाते आणि घोटाघोटाने तिची चर्चा होते. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, त्यानंतर हे दृश्य महाराष्ट्रात रुळले. पुष्कळांना वाटते की हा सारा प्रकार साहेबाकडून आला. पेय कोणते, त्याबरोबर खायचे काय आणि ते प्यायचे कोणाच्या सोबतीने, या तीन प्रश्नांचा विचार आपल्याकडे कधी झालाच नव्हता, असाही समज आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातला माणूस. कापूस, तूर आणि सोयाबीन यांचा हा जिल्हा. द्राक्षाच्या वाइनशी आमचे फारसे नाते नाही. पण वर सांगितलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्या जंगलवस्त्यांत ठरलेली होती. ती कशी ठरली आणि पुढे कशी मोडली, हे सांगावे म्हणून आजचा विषय निवडला. दारू प्यावी की पिऊ नये, हा उपदेश मला करायचा नाही. तो करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याजवळ तशी कारणेही आहेत.

सुरुवात थोडी मागून करू. वात्स्यायनाचे कामसूत्र हा साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकातला ग्रंथ. नावामुळे तो चारचौघांत उघडला जात नाही, पण त्यात त्या काळच्या नागर माणसाची दिनचर्या फार बारकाईने दिली आहे. मित्रांनी एकमेकांच्या घरी जमून मद्यपानाच्या बैठकी कराव्यात असे तो सांगतो, आणि लगेच त्यांच्याबरोबरच्या खाण्याची यादी देतो. खारट, आंबट, तिखट, कडू, फळे, हिरव्या भाज्या. या तोंडी लावण्याला संस्कृतात शब्द आहे ‘उपदंश’. आज आपण ज्याला चखणा म्हणतो तो हाच. याच ग्रंथात वत्सगुल्म या स्थळाचा उल्लेख येतो. वत्सगुल्म म्हणजे आमच्या शेजारचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. त्याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची सोळाव्या क्रमांकासारखी लेणी कोरली गेली. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातली, हातात प्याले घेतलेली मंडळी आजही दिसतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात पाककृतींना जसे स्थान आहे, तसे मदिरापानाला क्रीडा म्हणून स्वतंत्र स्थान आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र मात्र रसिकतेच्या भानगडीत पडत नाही. तिथे सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारूचे प्रकार, त्यांचे घटक, विक्रीची जागा या सगळ्यांवर त्याची नजर. द्राक्षाच्या रसाच्या मद्याला तिथे ‘मधु’ म्हटले आहे, आणि कपिशा देशाचे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या भागाचे, मधु नावाजलेले होते हेही त्यात कळते. पण मला त्या प्रकरणातला एक नियम फार बोलका वाटतो. उत्सव, समाज आणि यात्रा या प्रसंगी लोकांना चार दिवस दारू गाळायची मोकळीक द्यावी, असे कौटिल्य म्हणतो. महसुलाच्या बाबतीत कवडी न सोडणारा हा माणूस. पण सणाची दारू आणि दुकानातली दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यालाही ठाऊक होते.

आता मोहाकडे येऊ. आमच्या जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी, झरी-जामणी या तालुक्यांत गोंड, परधान आणि कोलाम यांच्या वस्त्या आहेत. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. या सगळ्यांच्या आयुष्यात मोहाचे झाड घरच्या माणसासारखे असते. फाल्गुन-चैत्रात पाने झडतात आणि पहाटेच्या वेळी फुले टपटप खाली पडू लागतात. बाया आणि मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर होतात. फुले वाळली की मनुकांसारखी दिसतात आणि वर्षभर टिकतात. ती भाजून खातात, उकडून खातात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात, ज्वारीच्या पिठात घालून भाकर थापतात. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात मध्य भारतातल्या जंगलवस्त्यांना ज्या रानमेव्याने तगवले, त्यात मोहफूल पुढे होते. फुलांनंतर फळे येतात, त्यांच्या बियांचे तेल निघते. हालाच्या गाथासप्तशतीत गोदाकाठचा मोह आहे, म्हणजे मराठी मुलखाचे आणि या झाडाचे नाते निदान दीड-दोन हजार वर्षांचे.

आणि अर्थात, दारू. वाळलेली फुले मडक्यात पाणी घालून काही दिवस भिजत ठेवायची. ती आंबली, फसफसली की चुलीवर चढवायची. तोंडावर दुसरे भांडे बसवून सांधे मातीने लिंपायचे. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या, गार पाण्यात ठेवलेल्या मडक्यात उतरते आणि थेंब थेंब दारू होते. सुरुवातीला उतरते ती सगळ्यात कडक. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीने याच मडक्यांवरून उचलला. आपण तो एखाद्या लेखकाच्या विनोदालासुद्धा लावतो, पण त्याचे कूळ असे रानातले आहे.

विद्यार्थिदशेत, पस्तीसेक वर्षांपूर्वी, मी झरी भागातल्या एका पोडावर दोन दिवस राहिलो होतो. दारू गाळणे तेव्हाही गुन्हा होता, म्हणून पोडाचे नाव सांगत नाही. देवाचे कार्य होते. पळसाच्या पानांचे द्रोण आले. घरच्या म्हाताऱ्याने आपल्या द्रोणातले चार थेंब आधी जमिनीवर सांडले. मी विचारले, हे कशाला? तो म्हणाला, ‘‘पयले देवाले, मंग मेलेल्या बुढ्याबाप्याईले, मंग पावण्याले. आपलं सर्व्यात मांगून.’’ द्रोणाबरोबर ओढ्यातल्या भाजलेल्या बारक्या मासोळ्या, मीठ-मिरचीचा ठेचा, चिंच आणि ज्वारीची भाकर आली. दारूला मोहाचा तो जडसर गोड वास. त्यावर खारट मासोळी आणि आंबट चिंच अशी काही बसली, की वात्स्यायनाच्या यादीची आठवण व्हावी. मी भाकर मोडायच्या आधी द्रोण उचलला, तेव्हा घरच्या आजीने डोळे वटारले. ‘‘खाली पोटी नाई घेत बापा, पयले दोन घास खाय.’’ पोटात अन्न असले की मद्य रक्तात सावकाश उतरते, हे पुढे वाचनात आले. आजीला ते पुस्तकाशिवाय माहीत होते.

या एवढ्या बैठकीत किती नियम होते ते पाहा. दारू विकत आणलेली नव्हती, घरी केलेली होती. फुले मोसमात मिळतात आणि ती खायलाही लागतात, त्यामुळे दारू किती करायची याला मर्यादा होती. प्यायला निमित्त लागे. देवाचे कार्य, सोयरीक, लग्न, मयताचे विधी, सण. एकट्याने प्यायची पद्धत नव्हती, द्रोण हातोहात फिरत असे. बाया समोरच असत आणि कोणाला किती झाली हे बोलून दाखवायला कचरत नसत. खाण्याशिवाय पिणे नव्हते. सोयरीक जुळली की दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र घ्यायची. जातपंचायतीत तंटा मिटला की दोषी माणसाने पंगत द्यायची आणि त्याच पंगतीत त्याला पुन्हा आपल्यात घ्यायचे. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जे लिहून ठेवले, त्यातही देवकार्यातले मोहाच्या दारूचे स्थान ठळक आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ मध्ये चार खंड काढले. त्यांतल्या कलारांवरच्या प्रकरणात दारू आणि धर्मविधी यांच्या नात्याचा विस्ताराने विचार आहे.

म्हणून तेव्हा सारे आलबेल होते असे मी म्हणत नाही. तेव्हाही माणसे झिंगत, भांडत, मारामाऱ्या होत. मध्य भारतात एक लोककथा सांगतात. दारूत पोपटाचे, वाघाचे आणि डुकराचे रक्त मिसळले आहे, म्हणून पिणारा आधी पोपटासारखा गोड बोलतो, मग वाघासारखा गुरगुरतो आणि शेवटी डुकरासारखा चिखलात लोळतो. ही कथा प्यायची पद्धत असलेल्या समाजानेच रचली. पेय जवळचे होते, तसा त्याचा धोकाही जवळून पाहिलेला होता. आवर घालायची सोय मात्र पंगतीतच होती.

ही पंगत मोडली ती अबकारीने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. इंग्रजी राज्यात सर्वत्र दारू हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन ठरले. आधीच्या पद्धतीत एखाद्या टापूत भट्टी लावून दारू विकण्याचा हक्क ठेकेदार लिलावात घेई. लिलावाची रक्कम भरून काढायची, तर जास्तीत जास्त दारू खपवणे त्याला भागच होते. पुढे ठिकठिकाणच्या भट्ट्या बंद करून मोठ्या भट्टीत दारू गाळायची, तिच्यावर गॅलनमागे कर घ्यायचा आणि दुकाने लिलावाने द्यायची, अशी रीत आली. पद्धत कोणतीही असो, घरी गाळणे हा गुन्हा झाला. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये मोहाचा खास कायदा आला आणि ठाणे-कुलाब्याकडे खुद्द फुलांवरच निर्बंध बसले. झाडाखाली पडलेले फूल वेचून घरी ठेवणे हासुद्धा संशयाचा विषय झाला. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या आदिवासींवर लिहिताना या बदलाचे वर्णन रूढीपासून गुन्ह्यापर्यंतचा प्रवास असे केले आहे. आमच्याकडेही तेच झाले.

याचा परिणाम काय झाला? दारू संपली नाही. ती देवघरासमोरून उठून दुकानात गेली. फुलांऐवजी रोकडा लागू लागला, रोकडा नसेल तर धान्य, धान्य नसेल तर उधारी. सणाची वाट पाहायची गरज उरली नाही, कारण दुकान रोज उघडे. देवाचे चार थेंब नाहीत, पाहुणा नाही, भाकर नाही, डोळे वटारणारी आजी नाही. उरला एकटा पिणारा आणि गल्ल्यावर बसलेला विकणारा. विकणाऱ्याचा फायदा पिणाऱ्याने न थांबण्यात होता.

हे आपल्या पुढाऱ्यांनी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यात वाढत्या दारूच्या दुकानांना विरोध केला. टिळकांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले. सरकारला दारूचा पैसा हवा आहे म्हणून रयत पिते आहे, हा त्यामागचा युक्तिवाद होता. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी देवीच्या नावाने दारू सोडली, तेव्हा त्या शपथेचा एक रोख दारूच्या ठेकेदारावर आणि सावकारीवर होता. आमच्या जिल्ह्यात १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदजवळ जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला गेला. गवताचा प्रश्न आणि मोहफुलाचा प्रश्न एकच होता. रानात जे आपोआप उगवते, त्यावर पहिला हक्क कोणाचा?

स्वातंत्र्याने या प्रश्नाचे उत्तर लगेच दिले नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला. मोहफुले त्याच्याही कचाट्यात होतीच. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले आणि गावोगाव सरकारमान्य देशी दारूची दुकाने उभी राहिली. यातली विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. दुकानातली ‘देशी’ आमच्या देशातली नव्हेच. ती कारखान्यातल्या मद्यार्कापासून, बहुधा साखर कारखान्याच्या मळीपासून बनते. ती कायदेशीर. आणि जी खरोखर इथल्या झाडाची, ती बेकायदेशीर. बेकायदेशीर ठरल्यामुळे तिचाही दर्जा गेला. चोरून गाळणारा घाईत असतो. मोहफुले महाग पडतात म्हणून काळा गूळ आणि नवसागर टाकून भट्ट्या लागू लागल्या. नाव ‘मोहाची’, पण पिंपात मोहाचे फूल औषधालाही नाही.

या सगळ्याची किंमत बायांनी मोजली. नवऱ्याची मजुरी दुकानात जिरलेली, पोरांच्या वह्या नाहीत, रात्री मार. म्हणून शेजारच्या वर्ध्यात १९७४ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळच्या बायांनीही जिल्हाबंदीची मागणी घेऊन मोर्चे काढले. गावातले दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद आहे. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बाया पाहिल्या की दारूच्या संस्कृतीवर रसाळ बोलणाऱ्या माझ्यासारख्याची जीभ जरा अडखळते. अडखळायलाच हवी. एकदा मारेगावकडच्या एका बाईने मला सांगितले, ‘‘माह्या सासूच्या टायमाले दारू घरात होती, त मानूसबी घरात होता. आता दारू दुकानात हाय, त मानूसबी तिथंच.’’ माझ्या या सगळ्या भाषणाचा सारांश तिने दोन वाक्यांत सांगितला होता.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने २०२२ च्या सुमारास मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन आदिवासी बचतगटांना ती गाळण्याची वाट मोकळी करणारे धोरण आणले. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले, म्हणजे निदान फूल तरी गुन्ह्यातून सुटले. उद्या शहरातल्या एखाद्या उंची हॉटेलात मोहाची दारू काचेच्या नाजूक प्याल्यात येईल आणि तिच्याबरोबर काय खावे हे छापील कार्डावर लिहिलेले असेल. त्याला माझी हरकत नाही. फुले वेचणाऱ्या हाताला त्यातला रास्त वाटा मिळाला, तर आनंदच आहे. पण तेवढ्याने पंगत परत येणार नाही. महागडी बाटलीसुद्धा शेवटी बाटलीच.

मला आशा वाटते ती दुसऱ्याच जागी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, आणि मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकारही दिला. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये आले. आमच्या जिल्ह्यातल्या केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतली कितीतरी गावे या क्षेत्रात मोडतात. म्हणजे झाड कोणाचे आणि दारू किती, हे दोन्ही प्रश्न कायद्याने पुन्हा एकाच पंगतीत आणून ठेवले आहेत. या पंगतीत बायाही बसतात आणि त्यांचे मत पुरुषाच्या मताइतकेच मोजले जाते. सण सोडून एरवी बंद, असे एखादी ग्रामसभा ठरवील. एखादी म्हणेल, थेंबही नको, फुलांचे लाडू करून विकू. दोन्ही निर्णय मला सारखेच मान्य आहेत. कलेक्टर, ठेकेदार आणि भट्टीवाला यांनी दीडशे वर्षे जे ठरवले, ते आता मोहाखाली टोपली घेऊन बसणाऱ्यांनी ठरवावे. बाकी आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने वाढले तेवढे घ्यावे, आणि आधी दोन घास खावेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)